रेडोबाच्या बाई

शहापूरच्या भाजीबाजारात भर गर्दीत मला 'रेडोबा' अशी हाक मारणारं माणूस जगात एकच होतं. "ए रेडोबा, वांगी कशी दिली विचार गं जरा!" आणि दोन्ही हातांत पिशव्या, शेजारी सासूबाई, अशा अवस्थेत मीही "हो बाई!" म्हणून ओ द्यायची.

सासूबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या सरळ बाईंच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "आमच्या सुनंला भर बाजारात रेडा म्हनता? आमाला काय मान हाय का नाय?"

बाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "रेडा नाही म्हटलं मी. रेडोबा म्हटलं. शेवटी 'बा' लावलाय. तुमच्या घरात कुणाला लावता का तुम्ही 'बा'?"

सासूबाईंनी खरंच विचार केला. "नाय," त्या म्हणाल्या.

"'नाही'," बाईंनी दुरुस्त केलं आणि मेथी पुन्हा उचलली.

त्या दिवशी घरापाशी रिक्षातून उतरताना सासूबाई म्हणाल्या, "बाई येडी हाय. पन मेथी चांगली निवडते."

रेडोबा म्हणजे लहान मुलांच्या एका मालिकेतलं पात्र. अगदी लहान, अजून शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी ती मालिका होती आणि सकाळी एका वाहिनीवर लागायची. बाई मुरबाडच्या पुढच्या एका खेड्यातल्या. उभा जन्म त्यांनी बालवाडी चालवली होती आणि मुलांसाठी गोष्टींची छोटी छोटी पुस्तकं लिहून मुरबाडच्याच एका छापखान्यात छापून घेतली होती. त्यांतलं एक मुंबईच्या एका निर्मात्याच्या भाचीला कुणीतरी भेट दिलं. भाचीने ते फाटेपर्यंत वाचून घेतलं, आणि मामा बाईंना शोधत मुरबाडला आला. बाईंच्या पुस्तकातली तीन पात्रं, माणसांना पोशाख चढवून, खरीखुरी चालती-बोलती करायची असं ठरलं. एक म्हशीचं रेडकू, एक शेतातला खेकडा आणि तिसरी चक्क भात साठवायची कणगी. रेडोबा, खेकडेमामा आणि कणगीआजी.

निर्मात्याला आम्ही साहेब म्हणायचो. बाई त्याला अरे-तुरे करायच्या. तो तिशीतला, सज्जन मुलगा होता. बाईंच्या अटी ऐकून डोकं धरायचा आणि मग त्या मान्य करायचा. चित्रीकरण मुंबईला नको, इथेच करायचं ही पहिली अट. म्हणून त्याने वाशिंदजवळची एक बंद पडलेली शेड भाड्याने घेतली. त्या शेडमध्ये आधी पुठ्ठ्याची खोकी बनायची आणि ती चिकटवायला मी होते. कंपनी बंद झाल्यावर मी घरीच बसले होते. शेडमध्ये पुन्हा काहीतरी सुरू झालंय आणि बुटकी माणसं हवी आहेत असं कानावर आलं. माझं लग्न ठरताना माझी उंची हा दोन्ही घरांत काळजीचा विषय झाला होता. तिचा कुणाला उपयोग होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. "पाठमोरी हो," त्या म्हणाल्या. "चाल. आता रुसून चाल."

मी रुसून चालले.

"कुणावर रुसलीस?"

"नवऱ्यावर," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तो राग झाला. रेडोबा आईवर रुसतो. मागून कुणीतरी हाक मारेल म्हणून हळू चालतो. पुन्हा."

मी पुन्हा चालले. हळू, मागे कान ठेवून. बाई उठून आल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आलास का रे रेडोबा." तेव्हापासून माझं खरं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. त्यांना ते माहीत होतं की नाही, याचीच मला शंका आहे. खेकड्याच्या आत मुरबाडचा एक ताशेवाला होता आणि कणगीत आटगावच्या पोळीभाजी विकणाऱ्या काकू. तेही त्या दिवसापासून मामा आणि आजीच झाले.

बाई उंच, काटकुळ्या. सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. रोज सकाळी दिवे लागायच्या आधी त्या गुडघ्यांना फडकी बांधून अख्ख्या सेटवर गुडघ्यांवर फिरायच्या. मुलांना जग जेवढ्या उंचीवरून दिसतं तेवढ्यावरून सगळं तपासायच्या. "इथून कणगीआजीची नुसती हनुवटी दिसते," त्या खालून ओरडायच्या. "हनुवटीवर कोण विश्वास ठेवेल?" मग कॅमेरा खाली यायचा. कॅमेरावाला पोटावर झोपून काम करायला शिकला. साहेबाने अंगण म्हणून प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलं होतं. बाईंनी ते स्वतः गुंडाळून गेटबाहेर ठेवलं, माती आणवली, चोपून घेतली आणि शेणाने सारवून घेतली. दिव्यांच्या उष्णतेने असा वास सुटला की मुंबईची मेकअपवाली नाकाला रुमाल बांधूनच यायची. पण पडद्यावर ते अंगण दिसलं आणि आमच्या आळीत एकच बोलणं झालं, "हे तर आपलंच अंगन."

पोशाखाच्या आत कसं असतं ते सांगून खरं वाटणार नाही. फोम, त्यावर काळं केसाळ कापड, डोक्यात एक चिमुकला पंखा, आणि बाहेरचं दिसायचं ते रेडोबाच्या नाकपुड्यांतून. एका हातात दोरी, ती ओढली की कान हलायचे. मी बोलायची तो आवाज कुणाला ऐकू जायचा नाही. नंतर मुंबईत एक कलाकार बाई तो गोड, शुद्ध आवाजात भरायच्या. तरी बाई मला सोडायच्या नाहीत.

"'नाय' नव्हे. 'नाही'."

"बाई, आवाज तर दुसरीचा लागणार ना?"

"तोंड तुझं आहे."

"माझं तोंड दिसतच नाय... नाही."

"रेडोबाला कळतं," बाई म्हणायच्या.

शुद्ध बोलण्याचा त्यांना ध्यासच होता. चहावाल्याचं 'आमी' त्या 'आम्ही' करायच्या. साहेबाच्या ड्रायव्हरला तर त्यांनी गाडीत बसल्या बसल्या अख्खी बाराखडी घोटून दिली होती. आम्ही हसायचो. बाई असं का करतात ते आम्हांला पुष्कळ नंतर कळलं.

दुसरा ध्यास गप्प राहण्याचा. रेडोबा अडचणीत सापडला की कॅमेऱ्यात बघून मुलांना विचारायचा, "आता मी काय करू?" आणि मग उभा राहायचा. नुसता उभा. बाई कॅमेऱ्याशेजारी एक बोट वर धरायच्या. ते बोट खाली येईपर्यंत कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही. डोळ्यांत घाम उतरायचा, पाय थरथरायचे, बोट वरच. कुणी चुळबुळ केली की बाई कुजबुजायच्या, "शू. मूल बोलतंय."

शेडमध्ये मूल नसायचंच. ते कुठेतरी सांगलीत नाहीतर जालन्यात, टीव्हीसमोर बसलेलं. बाईंना ते ऐकू यायचं.

साहेबाला ऐकू येत नव्हतं. पहिले काही भाग दाखवून झाल्यावर तो एक दिवस म्हणाला, "बाई, वाहिनीवाले म्हणतात ही शांतता कापा. लोकांना टीव्ही बंद पडला असं वाटतं. रिमोट उचलतात."

"उचलू दे. मूल खाली ठेवायला लावेल."

"आणि मुलं उत्तर देतात कशावरून?"

"चल, दाखवते," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तसूभर शंका नव्हती.

आटगावच्या पलीकडे, गावाच्या कडेला एक वाडी आहे. तिथली बरीच घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पण त्या दिवसांत सगळी घरीच होती. तिथल्या अंगणवाडीत साहेबाने टीव्ही जोडला. बाईंनी मला पूर्ण पोशाखात आणलं होतं, मुलांना शेवटी रेडोबा भेटवायचा म्हणून. मी दाराआड उभी. मुलं सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली, आणि बाई टीव्हीकडे पाठ करून मुलांकडे तोंड करून बसलेल्या. मालिका त्यांनी कायम अशीच पाहिली. पडद्यावर काय आहे ते त्यांना ठाऊक होतं, त्यांना फक्त मुलांची तोंडं बघायची असायची.

पडद्यावर रेडोबा ओढ्याच्या काठी आला. मुंबईच्या बाईंचा गोड आवाज म्हणाला, "मित्रांनो, पाणी फार वाढलं आहे. आता मी पलीकडे कसा जाऊ बरं?"

बाईंचं बोट वर गेलं.

मुलं गप्प.

एकाने अंगणवाडीताईकडे पाहिलं. दुसऱ्याने छपराकडे. एक मुलगी फ्रॉकचं टोक तोंडात धरून बसली. बोट खाली आलं, गोष्ट पुढे सरकली, पुढचा प्रश्न आला, बोट पुन्हा वर. पुन्हा तेच. कुणी तोंड उघडलं नाही. साहेब खाली वाकून हळूच म्हणाला, "बाई, मी हेच म्हणत होतो." बोलण्यात उपरोध नव्हता, उलट त्याला वाईटच वाटत होतं.

नाकपुड्यांतून मला बाईंचं तोंड दिसत होतं. त्या तोंडावर मी पहिल्यांदाच भांबावलेपण पाहिलं. उभ्या जन्माची बालवाडी, आणि समोर मुलं दगडासारखी बसलेली. मला ते बघवेना. मी दाराआडून बाहेर आले. ठरलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. मुलं एकदम मागे सरकली. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले, कान हलवले आणि आमच्या घरात बोलतात तसं बोलले, "काय रं पोरांनो, पानी जाम वाढलंय. मी पल्याड कसा जाव?"

मग फ्रॉक चावणाऱ्या मुलीने तोंडातला फ्रॉक सोडला. "नको जाव!" ती म्हणाली. "व्हावून जाशील!"

आणि बांध फुटला. "तुझ्या आयेला हाक मार!" "थांब ना जरा, पानी उतरल!" "माझ्या बापाला सांगतो, तो नेल तुला!" सगळी उभी राहिली, कुणी माझी शिंगं धरली, कुणी शेपटी. त्या गोंगाटात एक शेंबडा मुलगा कंबरेवर हात ठेवून पुढे आला आणि मला म्हणाला, "तू रेडा हाय ना? मग तुला पवाया येतं! येडा हाय का तू?"

अंगणवाडीताई तोंडाला पदर लावून हसली. साहेबही हसला. बाईंनी अख्खी गोष्ट त्या ओढ्यावर रचली होती. खेकडेमामा येतो, कणगीआजी युक्ती सांगते, शेवटी ओंडक्याचा पूल होतो. म्हशीच्या रेडकाला पोहता येतं हे पुस्तकात, छापखान्यात, शेडमध्ये कुणालाच सुचलं नव्हतं.

बाईंनी त्या मुलाला जवळ बोलावलं. "बरोबर आहे तुझं," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "माझं चुकलं."

परतताना गाडीत बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. रेडोबाचं डोकं काढून मी मांडीवर ठेवलं होतं. आसनगावपर्यंत त्या बाहेर बघत राहिल्या. मग एकदम बोलायला लागल्या, जणू मी काही विचारलंच होतं.

"मला पाचवीला कल्याणच्या शाळेत घातलं. पहिल्या दिवशी गुरुजींनी विचारलं, पुस्तक आणलंस का? मी म्हटलं, 'आनलं नाय.' सगळा वर्ग हसला. गुरुजींना गंमत वाटली. त्यांनी मला उभं करून ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, आणि वर्ग पुन्हा पुन्हा हसला. मग वर्षभर मी कुठल्याच प्रश्नाला तोंड उघडलं नाही. तेव्हाच ठरवलं, माझ्या हाताखालच्या एकाही मुलाला कुणी असं हसता कामा नये. म्हणून दुरुस्त करत आले. आणि आज ती मुलं माझ्यासमोर तशीच बसली होती. माझ्यासारखी. तोंड मिटून."

मी म्हटलं, "बाई, मी न विचारता मध्ये आले..."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि मांडीवरच्या रेडोबाच्या डोक्यावरची माती पदराने पुसली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आल्या आल्या त्यांनी साहेबाला सांगितलं, "मुंबईचा आवाज बंद. रेडोबा हिच्या आवाजात बोलेल आणि हिच्याच बोलीत बोलेल. कणगीआजी शुद्ध बोलेल, खेकडेमामा त्याला सुचेल तसं. घरात बोलतात ना सगळे आपापलं, तसं."

साहेब खुर्चीत बसला. "बाई, हे राज्यभर दिसतं. नागपूरच्या मुलाला कळेल का?"

"रेडकू कळतं ना त्याला? मग त्याचं बोलणंही कळेल."

"पालक तक्रार करतील. मुलं अशुद्ध शिकतात म्हणतील."

"तक्रारी माझ्याकडे पाठव," बाई म्हणाल्या. "आयुष्यभर मी तीच तक्रार केलीय. तिचं उत्तर मलाच द्यायला हवं."

साहेबाने डोकं धरलं, म्हणजे तो मान्य करणार हे आम्ही ओळखलं. वाहिनीने एका भागाची परवानगी दिली. तो एक भाग चालला नाही, तर मुंबईचा आवाज परत येणार आणि शांतताही कापली जाणार. बाईंनी ओढ्याचाच भाग नव्याने लिहिला. यात रेडोबा काठावर रडत बसतो, मुलांना विचारतो, आणि मग आठवल्यासारखं करून पाण्यात उडी घेतो. उलट खेकडेमामालाच तो पाठीवर बसवून पलीकडे नेतो. गोष्ट पहिलीपेक्षा दसपट चांगली झाली. गोष्ट कुणाची म्हणून बाईंनी पडद्यावर वाडीतल्या त्या शेंबड्या मुलाचं नाव द्यायला लावलं.

माझा आवाज टीव्हीवर आला त्या सकाळी सासूबाई चुलीपुढून उठून आल्या. मी पडद्यावर "मना नाय जमनार रं!" म्हणाले मात्र, त्या मटकन खाली बसल्या. "गो बया," त्या म्हणाल्या, "ह्यो तर आपलंच बोलतो!" आणि त्यांनी आवाज असा वाढवला की पलीकडच्या आळीतून माणसं काय झालं म्हणून बघायला आली.

तक्रारी आल्या. शहरातल्या पालकांचे फोन साहेबाने खरंच बाईंकडे वळवले. मी शेजारी असताना एका आईचा फोन आला. मुलगा सकाळपासून 'मना नाय, मना नाय' करतोय, हे काय शिकवता म्हणून ती चिडली होती. बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुलाला फोन द्या जरा." मग त्या मुलाशी त्यांचं जे सुरू झालं ते संपेचना. रेडोबाला रात्री भीती वाटते का, खेकडेमामा सरळ का चालत नाही, मुलाच्या आजीकडे म्हैस आहे का. शेवटी आई परत फोनवर आली तेव्हा तिचा आवाज निवळला होता. तिची सासू कुठल्या खेड्यातली, ती घरात कशी बोलते आणि मुलगा आता तिच्याजवळ जाऊन बसायला लागलाय, हे तिनेच बाईंना सांगितलं. सगळे फोन असे गोड संपले नाहीत. दोघातिघांनी सरळ आपटले. बाई आपटलेल्या फोनकडे बघून म्हणायच्या, "याच्या मुलाचं नाव विचारायचं राहिलं."

पण तो भाग चालला होता, त्यामुळे वाहिनीने पुढचे थांबवले नाहीत. रेडोबा माझ्याच आवाजात बोलत राहिला, आणि प्रश्न विचारून झाला की गप्पही उभा राहिला.

बाईंचे गुडघे मात्र जायला लागले. सेटवर गुडघ्यांवर फिरून फिरून त्यांना उठता येईना. डॉक्टरांनी खडसावलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एक दिवस त्यांनी साहेबाला सांगितलं की आता ही जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे दे. साहेबाने खूप विनवलं. बाई हलल्या नाहीत.

त्यांच्या शेवटच्या दिवशी आसपासची मुलं शेडच्या आवारात बोलावली होती. खाऊ वाटून झाला, गाणी झाली. बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "पोशाख काढ. मी घालते."

"बाई, तुमचे गुडघे..."

"रेडोबाला गुडघे नसतात. काढ."

त्या उंच, पोशाख माझ्या मापाचा. पाय पोटरीपर्यंत उघडे, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. ताशेवाल्याने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना आवारात सोडलं. बाईंनी कान हलवले, एक गिरकी घ्यायचा प्रयत्न केला, लटपटल्या, सावरल्या. मुलं ओरडली नाहीत, धावली नाहीत. ती डोळे बारीक करून बघत राहिली.

"ह्यो रेडोबा नाय," एक मुलगी म्हणाली.

"नाय. रेडोबा असा नाय चालत," दुसऱ्याने दुजोरा दिला.

साहेब पुढे सरसावला, काहीतरी सांभाळून घ्यायला. मी त्याचा हात धरून त्याला थांबवलं. ती मुलगी रेडोबासमोर गेली आणि तिने त्याचा काळा केसाळ हात धरला. "तुला नाय येत का?" तिने विचारलं. रेडोबाने मान हलवली. "मी दावते. आधी हलू. मंग मागं बघायचं, आय हाक मारते का. मंग परत हलू."

तिने बाईंना आवारभर फिरवलं. बाकीची मुलं मागे, कुणी शेपटी धरून, कुणी सूचना देत. मुलं सांगतील तसं बाई करत होत्या. हळू चालायच्या, मागे वळायच्या, पुन्हा हळू. त्यांनीच लिहिलेली ती चाल, आणि त्यांना ती जमत नव्हती. मुलगी न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून सांगत होती.

आत येऊन आम्ही त्यांच्यावरचं रेडोबाचं डोकं उतरवलं तेव्हा केस कपाळाला चिकटलेले, तोंड लालबुंद, दम लागलेला. साहेबाने पाणी पुढे केलं. बाईंनी ते घेतलं नाही आधी. बाहेर ती मुलगी आता दुसऱ्या एका पोराला चालवत होती, आणि बाई दारातून ते बघत होत्या.

"अरे," त्या साहेबाला म्हणाल्या, "मी उगीच काळजी करत होते, माझ्यामागे हे कोण सांभाळेल म्हणून. त्यांना रेडोबा येतो. मलाच येत नाही."

आणि मग त्या पाणी प्यायल्या.